रोजच्या लिखाणाला स्वस्त शाईपेन : कोकणातल्या दमट हवेत कोण कोण वापरतं?

कुणकेश्वरी | १२ जून, रात्री ९:२०

देवगडजवळ आमची आंब्याची बाग आहे. हंगाम आटोपला, पेट्यांचा हिशोब मिटला आणि पावसाने घरात बसवलं, म्हणून हा धागा काढायला सवड मिळाली.

मार्च ते मे मी रोज रात्री वही लिहिते. कुठल्या कलमांचा तोडा झाला, किती पेट्या कोणत्या गाडीने गेल्या, गड्यांची हजेरी, कोणी किती उचल घेतली. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे सगळं बॉलपेनने चालायचं. दोन पानं भरली की अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. मग एकदा कणकवलीत मुलीच्या वह्या घ्यायला गेले असताना दुकानात काचेखाली साठ रुपयांचं शाईपेन दिसलं. सोबत निळ्या शाईची दौत घेतली. आठवडाभरात कळ गेली. कारण साधं आहे. बॉलपेनची शाई घट्ट असते, गोळी फिरवायला पेन दाबावं लागतं. शाईपेनची शाई पाण्यासारखी पातळ, निब नुसती टेकली की कागद ती ओढून घेतो. हाताला फक्त वळण द्यायचं काम उरतं.

घरात एक भारी पेनही आहे, लग्नात आहेर आलेलं. ते डबीत असतं. बाहेर काढलं की सगळं लक्ष त्याच्यावर, पडेल का, कोणी नेईल का. साठ रुपयांचं पेन मी बागेत नेते, गड्याला सहीला देते, पदरात पुसते. रोज हातात असल्यामुळे त्यात शाई सुकत नाही, आणि सुकत नाही म्हणून ते रोज पहिल्या अक्षरापासून चालतं. डबीतलं मात्र दर वेळी धुवून काढावं लागतं.

तर तुम्ही कोणतं वापरता, शाई कोणती, आणि पावसाळ्यात काय करता? जूनपासून माझ्या वहीत शाई फुटायला लागते. पेन तेच, वही तीच.

---

जुनाकित्ता | १२ जून, रात्री १०:४५

कुणकेश्वरीताई, चांगला विषय काढलात. मी राजापूर तालुक्यात तीस वर्षं मराठी शिकवलं.

आमच्या लहानपणी चौथीपर्यंत दौत आणि टाक. बाकाला दौतीसाठी भोक असायचं. पाचवीत शाईपेन मिळालं, तेव्हा वर्गात मोठं झाल्यासारखं वाटलं. त्याला ‘झरणी’ असा मराठी शब्द होता, आमचे हेडमास्तर तोच वापरायचे. मला तो अजून आवडतो, कारण त्यात पेनचं काम सांगितलंय. जास्त झरलं तर खडूचा तुकडा टेकवायचा, तो डाग पिऊन टाकायचा. टीपकागद फक्त परीक्षेला.

शाई म्हणजे कॅमल. दि. प. दांडेकरांनी १९३१ साली गिरगावात घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली, त्यातून पुढे कॅमलिन उभी राहिली. आम्ही पुडी पाण्यात कालवून बाटली भरायचो. पाणी जास्त झालं की अख्खा आठवडा फिकट अक्षर.

सातवीतला एक मुलगा आठवतो. बॉलपेन एवढं दाबायचा की पान उलटलं तर मागून अक्षरं बोटाला लागायची, आणि निबंध नेहमी अर्धा. त्याला माझं जुनं शाईपेन दिलं. पहिल्या दिवशी निबेच्या दोन्ही पाकळ्या फाकवून आणल्या. मी त्या चिमटीने सारख्या करून परत दिल्या. दिवाळीपर्यंत त्याचा हात हलका झाला. अक्षर फार सुंदर झालं असं म्हणणार नाही, पण निबंध पुरा व्हायला लागला. भारी पेन असतं तर मी ते त्याला दिलंच नसतं.

---

पारवा_चिपळूण | १३ जून, सकाळी ८:०५

मी विरुद्ध बाजूने बोलतो, राग मानू नका. मी वकिलाकडे कारकून आहे. दिवसाला वीस-पंचवीस पानं हाताने लिहितो. शाईपेन दोनदा वापरून पाहिलं. एकदा खिशात गळून नवा शर्ट गेला. दुसऱ्यांदा बाहेरून आलो, छत्रीचं पाणी अर्जावर पडलं आणि तीन ओळी निळं पाणी होऊन वाहून गेल्या. अर्ज पुन्हा लिहावा लागला. आता दहा रुपयांचं जेल पेन, हात त्यातही दुखत नाही. कार्बन घालून प्रती काढायच्या असतील तर शाईपेन तसंही कुचकामी.

---

कुणकेश्वरी | १३ जून, सकाळी ९:३०

@पारवा, राग कसला. कार्बनचं अगदी बरोबर. पावतीपुस्तकाला मीही बॉलपेनच वापरते, दाबाशिवाय खालची प्रत उमटत नाही. पेटीवर नाव घालायला मार्कर. शाईपेन फक्त वहीला आणि पत्रांना.

वाहून गेलेल्या ओळींचं मात्र मलाही उत्तर हवंय.

---

घाटरस्ता | १३ जून, दुपारी १:१५

गळण्यावरून एक विचारतो. मी औषध कंपनीत एमआर आहे, सावंतवाडीहून आंबोली घाटाने बेळगावकडे महिन्यातून चार-पाच फेऱ्या. माझं पेन सावंतवाडीत कधी गळत नाही. घाट चढून वर गेलो आणि डॉक्टरांसमोर टोपण काढलं की आत शाई. उतरताना काही नाही. ड्रॉपरने शाई भरायचं साधं पेन आहे. दोन पेनं बदलली, तेच.

---

कोरडीवही | १३ जून, दुपारी ३:५०

@घाटरस्ता, पेन निर्दोष आहे. हा घाटाचा परिणाम.

आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंच आहे. तेवढं चढल्यावर हवेचा दाब सात-आठ टक्क्यांनी कमी होतो. पेनमध्ये शाई संपलेल्या जागी हवा असते. बाहेरचा दाब उतरला की ती आतली हवा फुगते आणि शाईला निबेकडे ढकलते. ड्रॉपरच्या पेनात दोन-तीन मिलिलिटर शाई मावते, म्हणजे अर्धं पेन रिकामं असेल तर हवाही तेवढी जास्त, आणि ढकलणंही जास्त. उतरताना उलट होतं, म्हणून गळत नाही.

उपाय सोपा. सावंतवाडी सोडण्याआधी पेन काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामं करा, आणि चढताना निब वर ठेवून खिशात उभं ठेवा. निब वर असली की फुगलेली हवा शाईला न ढकलता तिथून निघून जाते.

सपाटीवर तेच काम हाताची ऊब करते. ड्रॉपरचं पेन शेवटच्या पाव भागात आलं की मुठीच्या उबेने आतली हवा फुगते आणि मध्येच थेंब पडतो. म्हणून निम्म्यावर आलं की भरून घ्यावं. आट्यांवर सिलिकॉन ग्रीस बोटाने चोपडलं की सांध्यातूनही येत नाही.

थोडं फीडबद्दल, कारण मला पेनचा हा भाग सगळ्यात आवडतो. निबेखाली जो काळा दांडा असतो तो फीड. त्यात केसाएवढी बारीक पन्हळ असते. शाई तिच्यातून खाली येते आणि जेवढी शाई गेली तेवढी हवा वर जाते. हवा गेली नाही तर पेन अडतं, जास्त गेली तर ठिबकतं. दांड्यावर कंगव्यासारख्या खाचा दिसतात, त्या जास्तीची शाई धरून ठेवायला. न्यूयॉर्कच्या वॉटरमनला १८८४ मध्ये पेटंट मिळालं ते या फीडच्याच रचनेचं. आज साठ रुपयांच्या पेनातही तेच तत्त्व आहे. सोन्याची निब, लाखेचं नक्षीकाम यासाठी हवे तेवढे पैसे मोजता येतात, पण कागदापर्यंत शाई पोचवायचं काम प्लास्टिकचा नीट कापलेला फीड करतो.

---

मोडीप्रेमी | १३ जून, सायंकाळी ७:१०

शाईबद्दल मी सांगते. रत्नागिरीत राहते, मोडी शिकते आणि घरातली जुनी कागदपत्रं वाचायचा प्रयत्न करते. ती बोरूने लिहिलेली आहेत. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण अक्षर अजून काळंभोर आहे. त्या शाईत काजळ असायचं, आणि काजळ म्हणजे कार्बन. तो उन्हाने उडत नाही, पाण्याने विरघळत नाही. दुसरी पद्धत हिरडा आणि हिराकशीची. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यात टॅनिन भरपूर, हिराकशीत लोह. दोन्ही मिळाले की कागदावर हळूहळू काळं होत जातं. युरोपातली जुनी निळी-काळी शाई याच तत्त्वावर, तिथे हिरड्याऐवजी ओकच्या झाडावरच्या गाठी.

@पारवा, तुमचा अर्ज वाहून गेला कारण शाळेची रॉयल ब्लू ही पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई आहे. ती मुलांच्या कपड्यावरून धुऊन निघावी हा तिचा गुणच. कागद टिकवायचा असेल तर बाटलीवर ‘पर्मनंट’ लिहिलंय का ते बघून काळी किंवा निळी-काळी घ्या. हिराकशीची शाई घेतलीत तर पेन महिन्यातून एकदा धुवा, ती आम्ल असते, स्टीलच्या निबेला फार दिवस तशीच ठेवू नये.

आणि कळकळीची विनंती. घरी केलेली काजळाची शाई शाईपेनात भरू नका. तिच्यात डिंक असतो. चित्रकलेची काळी ड्रॉइंग इंकही नको, तिच्यात लाख असते. मी उत्साहाच्या भरात एकदा भरली होती, ते पेन पुन्हा कधी चाललं नाही. बोरूला आणि टाकाला काहीही चालतं, कारण त्यांच्यात अडकायला पन्हळच नाही.

---

झील_मालवणचो | १३ जून, रात्री ८:३०

माझ्या आजोबाचा पेन आसा, ता अजून चलता. शाय भरूची, निब सुक्या फडक्यान पुसूची, बस. खाऱ्या हवेन क्लिप गंजली, पण निबेक काय झाला नाय.

---

कोरडीवही | १३ जून, रात्री ९:००

@झील, निब स्टेनलेस स्टीलची असते, क्लिप साध्या पत्र्याची. किनाऱ्यावर पहिली क्लिप जाते हे मीही पाहिलंय.

@कुणकेश्वरी, पावसाळ्यात शाई फुटते त्याचं कारण वहीत आहे. कागद हवेतलं पाणी शोषतो, तंतू ओलसर आणि सैल होतात, शाई त्यांच्या बाजूने पसरते. मी चालू वही तांदळाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, झाकण घट्ट. त्या दिवशी लागणारी तेवढीच बाहेर. दुसरं म्हणजे जूनपासून निब बारीक घ्या. बारीक निब कमी शाई सोडते. जपानी पेनांची ‘फाइन’ ही युरोपीय ‘फाइन’पेक्षा बारीक असते. प्लॅटिनम प्रेपी या जपानी पेनावर तर निबेच्या जाडीचे ०२, ०३, ०५ असे आकडेच असतात. जोडाक्षरं दाटीने लिहिणाऱ्यांना ०३ बरी पडते. तिचं टोपण इतकं घट्ट बसतं की महिनाभर हात लावला नाही तरी पेन चालू होतं.

स्वस्तात चिनी हीरोची ६१६ किंवा ३२९ मिळाली तर बघा. पार्कर ५१सारखी निब झाकलेली, फक्त टोक बाहेर, त्यामुळे लवकर सुकत नाही. मात्र हातात घेऊन, लिहून बघून घ्या. एक पेन लोण्यासारखं चालतं, शेजारचं खरवडतं.

---

शमा_डावखुरी | १४ जून, सकाळी ७:४०

डावखुऱ्यांनी काय करायचं? माझी करंगळीची बाजू कायम निळी. शाळेत बाई म्हणायच्या, तू शाईपेन वापरूच नकोस. ते तेव्हा फार लागलं होतं. आता चाळिशीत पुन्हा इच्छा झालीय. गुहागरला अंगणवाडीत आहे, रोज पाच-सहा रजिस्टरं भरते.

---

जुनाकित्ता | १४ जून, सकाळी ९:१५

शमाताई, जरूर वापरा. माझ्या वर्गात डावखुरी मुलं असायची, मी त्यांना वही उजवीकडे कलती ठेवायला सांगायचो, म्हणजे वरची कड उजव्या बाजूला झुकलेली. मग हात ओळीच्या खाली राहतो, ओल्या अक्षरावरून फिरत नाही. हात वरून वळवून लिहायची सवय असेल तर बदलायला महिना जातो. तेवढा धीर धरा.

निब बारीक आणि गोल टोकाची. कापलेल्या टोकाची कटनिब नको, ती डाव्या हाताने ढकलली जाते आणि कागदात रुतते. रजिस्टरचा कागद गुळगुळीत असेल तर शाई सुकायला वेळ लागतो, पानावर टीपकागद ठेवून त्यावर हात टेका.

---

बंदरपाखाडी | १४ जून, रात्री १०:२०

धागा दोन दिवस वाचतोय. वडिलांची ट्रंक उघडली. वेंगुर्ल्याला आमच्या मच्छीमार सोसायटीचे ते वीस वर्षं सचिव होते, आता ते काम माझ्याकडे आहे. त्यांचं शाईपेन सापडलं. काळं, जाड, ड्रॉपरचं, नाव घासून गेलंय. आत शाई सुकून दगड झालीय, आट्याही उघडत नाहीत. गरम पाण्यात टाकू का? की स्पिरिट?

---

कोरडीवही | १४ जून, रात्री १०:३५

दोन्ही नको! जुनं काळं पेन बहुधा एबोनाइटचं असेल, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. गरम पाण्याने ते तपकिरी-हिरवट पडतं. स्पिरिटने कित्येक जुनी प्लास्टिकं फुटतात. साध्या थंड पाण्यात निबेचा भाग बुडवून ठेवा. पाणी निळं झालं की बदला. घाई करू नका, आट्यांना पक्कड लावू नका.

---

मोडीप्रेमी | १४ जून, रात्री १०:५०

तोपर्यंत पेनांचं थोडं स्वदेशीपुराण. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम यांनी १९३२च्या सुमारास एबोनाइटची पेनं करायला घेतली. १९३५ मध्ये गांधीजींनी त्यांना पत्र लिहून कळवलं की पेन वापरून पाहिलं, परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे. बंगालमध्ये १९३४ला सुलेखा शाई निघाली, तीही त्याच स्वदेशीच्या हाकेतून. मधे कित्येक वर्षं बंद होती, २०२०च्या सुमारास पुन्हा सुरू झाली. म्हणजे आज आपण ज्याला हौस म्हणतो ती त्या काळी कारखाना उभा करण्याइतकी गंभीर गोष्ट होती.

---

बंदरपाखाडी | १६ जून, रात्री ९:०५

पाचव्यांदा पाणी बदललं, अजून निळं येतंय. सोसायटीची जुनी इतिवृत्तं काढून पाहिली. सगळी याच रंगाची.

---

पारवा_चिपळूण | १७ जून, दुपारी २:३०

पर्मनंट काळी शाई आणली. लिहिलेला कागद दहा मिनिटं नळाखाली धरला. किंचित फिकट झालं, पण प्रत्येक अक्षर वाचता येतंय. अर्जांना अजून जेलच, पण घरच्या डायरीला आता हे. खिशात मात्र ठेवणार नाही.

---

किनारसफाई | १७ जून, सायंकाळी ६:००

आम्ही काही जण पावसाळ्यानंतर दापोलीकडचे किनारे साफ करतो. रेतीत बॉलपेनच्या नळ्या, रिफिली, टोपणं दर वेळी निघतात. खाडीतून वाहत येतात. एकदा शाळेतल्या मुलांना ती गोळा करून दाखवली, तेव्हा एकाने विचारलं, मग पूर्वी लोक पेन संपलं की काय करायचे? मी म्हटलं, शाई भरायचे. त्याला ते नवीन होतं. त्या दिवसापासून मी शाईपेन वापरतो.

---

बंदरपाखाडी | १९ जून, रात्री ८:४०

आज पाणी स्वच्छ आलं आणि आट्या हाताने सुटल्या. पण नळीला आट्यांपासून अर्ध्यापर्यंत चीर आहे. शाई भरून पाहिली, पाच मिनिटांत बोटं निळी. चिकटवता येईल का?

---

कोरडीवही | १९ जून, रात्री ९:१०

चिकटवून शोभेला राहील, शाई धरणार नाही. पण निब कशी आहे? टोकाचा मणी शाबूत असेल, दोन्ही पाकळ्या समोरून एका पातळीत दिसत असतील, तर निब आणि फीड दोन्ही सरळ ओढून बाहेर येतात. जुन्या देशी पेनांत ती नुसती दाबून बसवलेली असतात. रबरी हातमोजा घालून, न पिळता ओढा. मग बाजारातून त्याच मापाचं एखादं साधं ड्रॉपर पेन आणा, त्याची निब-फीड काढून ही बसवा. वेंगुर्ल्यात नाही मिळालं तर निब टीपकागदात गुंडाळून सावंतवाडीला न्या, दुकानात मापून बघा.

---

घाटरस्ता | १९ जून, रात्री ९:३०

मी परवा सावंतवाडीतच आहे. माझ्याकडे ड्रॉपरची जुनी दोन पेनं आहेत, गळतात म्हणून बदललेली. आता कळलं की ती चांगलीच होती. एक घेऊन जा.

(आणि हो, काल पेन काठोकाठ भरून घाट चढलो. टोपण कोरडं.)

---

शमा_डावखुरी | २२ जून, सकाळी ८:००

वही कलती ठेवून नऊ दिवस झाले. करंगळी अजून थोडी निळी होते, पण रजिस्टरात फराटा नाही. कोणी विचारलं तर पेन दाखवते.

---

बंदरपाखाडी | २२ जून, रात्री ९:४५

@घाटरस्ता यांच्या पेनात बाबांची निब बसली. फीड थोडं सैल होतं, दुसऱ्यांदा दाबून बसवलं. बाबा पेन जरा उजवीकडे तिरकं धरायचे. निब त्याच बाजूला झिजलीय. सरळ धरलं की खरवडते, त्यांच्यासारखं तिरकं धरलं की सुरळीत चालते. मी तसं धरायला शिकतोय.

उद्या सोसायटीची मासिक सभा आहे. पर्मनंट काळी भरून ठेवली, वही तांदळाच्या डब्यात आहे.